चल रे भोपळ्या: चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टीतला वाढदिवस

परीकथेच्या विषयावर वाढदिवस करायचा म्हटले की बहुतेक घरांतून पहिला फोन सजावटवाल्याला जातो. गुलाबी-सोनेरी फुग्यांची कमान, मागे किल्ल्याचे चित्र छापलेला फ्लेक्स, केकवर साखरेचा मुकुट आणि उत्सवमूर्तीसाठी भाड्याने आणलेला घेरदार झगा, एवढे जमले की विषय पार पडला असे समजले जाते. फोटो चांगले येतात, हे खरे. पण पाच वर्षांच्या मुलाला कमानीशी खेळता येत नाही आणि फ्लेक्सवरच्या किल्ल्यात शिरता येत नाही. त्यामुळे थोड्याच वेळात मुले फुगे ओढू लागतात, आणि झगा मानेला टोचू लागल्यामुळे उत्सवमूर्ती स्वतःच रडकुंडीला येते. गोष्टीचा वाढदिवस करायचा असेल तर गोष्ट भिंतीवर लावून भागत नाही, ती मुलांनी हातापायांनी पार पाडावी लागते. म्हणून सजावटीच्या आधी गोष्ट ठरवावी, आणि गोष्ट ठरली की खेळ, खाऊ, वेळेची आखणी या सगळ्या गोष्टी तिच्यातूनच काढाव्यात.

गोष्ट कोणती घ्यावी

गोष्ट निवडताना एकच प्रश्न आधी विचारावा: या गोष्टीत बारा मुलांनी काय करायचे? राजकन्येच्या गोष्टीत राजकन्या एकच असते. ती भूमिका उत्सवमूर्तीकडे जाते, उरलेली अकरा मुले प्रेक्षक होतात, आणि ‘मलापण राजकन्या व्हायचंय’ या वाक्याने समारंभाला सुरुवात होते. याउलट टोपीविक्या आणि माकडांच्या गोष्टीत सगळी मुले माकडे होऊ शकतात आणि टोपीविक्या एखादा मामा किंवा काका होतो. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी ही गोष्ट उत्तम. सहा-सात वर्षांची मुले असतील तर उंदराच्या टोपीची गोष्ट चांगली रंगते, कारण तिच्यात धोबी, रंगारी, शिंपी अशी छोटी छोटी पात्रे आहेत, राजाला मनसोक्त चिडवता येते आणि ढोलही बडवता येतो. अगदी लहान, दोन-अडीच वर्षांच्या मुलांना चिऊचे मेणाचे आणि काऊचे शेणाचे घर पुरते; त्याहून लांब कथानक त्यांना झेपत नाही.

चार ते सहा या वयासाठी मात्र म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीला तोड नाही. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेतल्या रानात तिला एकेक प्राणी अडवतो, ती प्रत्येकाला ‘लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा’ असे सांगून सुटते, आणि परतताना लेकीने दिलेल्या भोपळ्यात बसून सगळ्यांना चकवत घरी येते. शब्द घरोघरी थोडे वेगळे असतात आणि प्राण्यांचा क्रमही बदलतो. आपल्या घरात जसे सांगतात तसेच ठेवावे. या गोष्टीत सगळी मुले एकाच वेळी म्हातारी होऊ शकतात आणि प्राणी मोठ्या माणसांकडे देता येतात, त्यामुळे भूमिकांवरून भांडण होत नाही. गोष्टीत जाणे आणि येणे असल्यामुळे खेळांचा क्रम आयताच मिळतो. टुणुक टुणुकचे पालुपद मुलांना पाठ असते किंवा दोनदा ऐकून पाठ होते. खाण्याचा प्रसंग गोष्टीतच आहे. आणि मुख्य म्हणजे या गोष्टीत दुबळ्या माणसाने दांडगटांना अकलेने हरवलेले आहे, ज्याचा त्या वयात मनापासून आनंद होतो.

उत्सवमूर्ती सिंड्रेलावरच अडून बसली असेल तर वाद घालत बसू नये. शार्ल पेरो याने १६९७ मध्ये लिहिलेल्या फ्रेंच कथेतही परी जी बग्गी करते ती भोपळ्याचीच असते, तेव्हा दोन्ही भोपळे सुखाने एकत्र नांदू शकतात. म्हातारीची लेक राजवाड्यात राहते असे जाहीर केले की झगा, मुकुट आणि काचेचा बूट सगळे खपून जाते. अशा जोडकामाला मुले कधीच हरकत घेत नाहीत. हरकत घेतात ती मोठी माणसे.

किती मुले, किती वेळ, कुठे

सोसायटीतली सगळी, शाळेच्या वर्गातली सगळी आणि नात्यातली सगळी मुले बोलवायची ठरवली तर संख्या सहज तीसच्या पुढे जाते, आणि तीस मुलांना घेऊन गोष्ट घडवता येत नाही, फक्त गर्दी आवरता येते. दहा ते बारा मुले हा आकडा धरून चालावे. नात्यागोत्याचा आग्रह मोडवत नसेल तर मोठ्यांना आणि इतरांना साडेसातनंतर जेवायला बोलवावे आणि मुलांचा कार्यक्रम पाच ते सात असा स्वतंत्र ठेवावा. दोन तास पुरेसे आहेत. तिसऱ्या तासात जे काही होते ते बहुधा रडणे असते. दुपारची झोप झालेली मुले आणि न झालेली मुले यांत जमीन-अस्मानाचा फरक असल्यामुळे चारच्या आधीची वेळ टाळावी.

मोठी माणसे निदान सहा लागतात. एक सूत्रधार, जो गोष्ट सांगेल आणि मुलांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेईल. कोल्हा, लांडगा आणि वाघ असे तिघे. एक जण स्वयंपाकघरात. आणि एक जण दाराशी, ज्याचे काम मुलांना शूला नेणे, चपला ओळीत ठेवणे आणि कोण कोणाबरोबर गेले हे पाहणे एवढेच असेल. या शेवटच्या माणसाला दुसरे कोणतेही काम, विशेषतः फोटो काढण्याचे, देऊ नये. लेकीची भूमिका स्वयंपाकघरातल्या व्यक्तीने करावी, ते ओघाने जुळते. आजी उत्साही असेल तर तिला नऊवारी नेसवून गोष्ट सांगायला बसवावे. तिच्याइतकी पटणारी सूत्रधार भाड्याने मिळत नाही.

जागेसाठी सोसायटीचा हॉल हवाच असे नाही. दहा बाय पंधरा फुटांच्या बैठकीतून सोफा आणि टीपॉय हलवले आणि आतली एक खोली व गॅलरी जोडून घेतली तर प्रवासासाठी वळणे मिळतात, जी मोकळ्या हॉलमध्ये मिळत नाहीत. हॉलच घ्यायचा असेल आणि वाढदिवस भाद्रपदात येत असेल तर गणपतीच्या दिवसांत तो मंडळाकडे असतो, हे लक्षात ठेवून आधीच चौकशी करावी. जून ते सप्टेंबर या काळात गच्ची किंवा अंगणाच्या भरवशावर राहू नये. फरशी गुळगुळीत असेल तर मुलांचे मोजे दारातच काढायला लावावेत. उड्या मारायच्या आहेत, आणि मोज्यांवरून घसरलेले मूल हमखास हनुवटीवर पडते.

निमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवले तरी ते गोष्टीच्या सुरात असावे: ‘म्हातारीला लेकीकडे जायचे आहे. रानात एकटीला भीती वाटते. शनिवारी पाच वाजता सोबत येणार ना?’ एवढे मुलांसाठी. त्याखाली पालकांसाठी तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: कार्यक्रम नेमका किती वाजता संपेल, चार वर्षांखालच्या मुलासोबत एक मोठे माणूस थांबावे, आणि मुलाला दूध, शेंगदाणे, काजू, अंडे यांपैकी कशाचा त्रास होतो का ते कळवावे. शेवटचा प्रश्न विचारणे अनेकांना संकोचाचे वाटते, पण शेंगदाण्याचे कूट आपल्या स्वयंपाकात कुठे कुठे जाते हे पाहता तो विचारलाच पाहिजे.

रान उभे करणे

रानासाठी विकतचे काही लागत नाही. घरातल्या आणि शेजारच्या हिरव्या, पोपटी, मातकट रंगाच्या जुन्या सुती साड्या गोळा कराव्यात. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खिडकीच्या गजाला आणि दाराच्या कडीला नायलॉनची दोरी मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर बांधावी आणि साड्या दुहेरी करून तिच्यावरून सोडाव्यात, म्हणजे मुलांना त्यांच्या मधून वाट काढत जावे लागते. साडीचे टोक जमिनीपासून वीतभर वर राहील असे पाहावे, नाहीतर पाय अडकतो. पदर कुठे गुंतून मुलाच्या गळ्याशी फास बसणार नाही याची खात्री करण्यासाठी मधली कोणतीही दोरी मुलांच्या मानेच्या उंचीवर येऊ देऊ नये. तपकिरी कागदाचे बुंधे, घोटीव कागदाची पाने, जिलेटिनचे काजवे ही हौस असेल तर करावी. आदल्या रात्री मोठ्या भावंडांना कामाला लावले की ती आपोआप होते.

थर्माकोलचा विचार मनातून काढून टाकावा. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे, तरी सजावटीच्या दुकानांत ते मागच्या बाजूने मिळते आणि लोक घेतातही. पत्रावळी आणि द्रोण या गोष्टीला शोभतातही अधिक.

फुग्यांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगणे भाग आहे. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा मूल चघळते आणि तो घशात जाऊन श्वासमार्गावर चिकटून बसतो. लहान मुलांच्या गुदमरण्याच्या कारणांत हे एक नेहमीचे कारण आहे, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना न फुगवलेले फुगे देऊ नयेत असा इशारा अनेक पाकिटांवर छापलेला असतो. फुगे लावायचेच असतील तर छताजवळ, हात पोचणार नाही असे लावावेत आणि फुटलेला प्रत्येक तुकडा लगेच उचलावा. हवेत तरंगणारे गॅसचे फुगे टाळावेत, कारण आपल्याकडे त्यांत पुष्कळदा हीलियमऐवजी स्वस्त हायड्रोजन भरलेला असतो आणि मेणबत्तीशेजारी तो भडकतो. केक कापताना उडवायचा फेसाचा स्प्रेही तितकाच वाईट: बऱ्याच डब्यांतला वायू ज्वलनशील असतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर फवारा गेला तर समोरच्या मुलाच्या केसांपर्यंत आग पोचते. या दोन गोष्टी कोणी हौसेने घेऊन आलेच तर त्या नम्रपणे कपाटात ठेवाव्यात.

भोपळा कसा करावा

संपूर्ण समारंभात वेळ आणि कष्ट खर्च करण्याजोगी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे मुलाला आत शिरता येईल असा भोपळा. पुठ्ठ्याच्या खोक्याचा भोपळा दिसायला बरा असतो, पण त्यात उड्या मारता येत नाहीत आणि तिसऱ्या मुलापर्यंत त्याचे कोपरे फाटतात. कापडाचा भोपळा शिवायला घरच्या शिलाईयंत्रावर एक दुपार पुरते.

त्यासाठी लहान मुलांच्या कमरेभोवती फिरवायची साठ सेंटीमीटर व्यासाची प्लास्टिकची रिंग घ्यावी. तिचा परीघ सुमारे १९० सेंटीमीटर भरतो, म्हणून नारिंगी रंगाचे सुती पॉपलीन दोन मीटर आणावे. पन्ह्यातून सत्तर सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापावी. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत, मधला फुगवटा धरून, एवढे कापड लागते. पट्टीच्या बरोबर मधोमध, आडवी, उरलेल्या कापडातून काढलेली पाच सेंटीमीटरची पट्टी नेफ्यासारखी शिवावी. आता रिंग जोडाच्या ठिकाणी उघडून त्या नेफ्यातून ओवावी, पुन्हा बंद करून जोडावर चिकटपट्टी गुंडाळावी आणि मगच कापडाची उभी शिवण घालावी. शिवण आधी घातली तर रिंग आत जात नाही. वरच्या आणि खालच्या कडेला इलॅस्टिकसाठी नेफे करावेत. वरचे इलॅस्टिक छातीवर अलगद बसेल असे, आणि खालचे मुलाचे दोन्ही पाय फाकवून उडी मारता येईल इतके सैल ठेवावे. खांद्यांवरून येणारे दोन पट्टे वरच्या कडेला पाठीमागे फुलीसारखे जोडले की भोपळा घसरत नाही. भोपळ्याच्या खाचा दाखवण्यासाठी वरपासून खालपर्यंत आठ ठिकाणी तपकिरी लोकरीचा लांब टाका घालावा, आणि हिरव्या कापडाच्या टोपीला देठ म्हणून कापूस भरलेली सुरळी लावावी. कापड धुतलेले आणि सुती असावे, कारण सॅटिनच्या भोपळ्यात मूल दोन मिनिटांत घामाघूम होते.

हा मोठा भोपळा एकच असतो आणि बारा मुलांनी त्याच्यासाठी रांगेत थांबणे अशक्य आहे. म्हणून प्रत्येक मुलासाठी गळ्यात अडकवायचा कागदी भोपळा वेगळा करावा. नारिंगी कार्डशीटवर जेवणाच्या ताटलीभोवती पेन्सिल फिरवून दोन-दोन वर्तुळे आधीच कापून ठेवावीत, वरच्या बाजूला भोके पाडावीत, आणि एक पुढे, एक पाठीवर येईल अशा बेताने दोन्ही वर्तुळे दोन फितींनी जोडावीत. फिती खांद्यांवरून जाव्यात, मानेभोवती गाठ नसावी. रंगवायचे काम मुलांचे. कात्री मुलांच्या हाती द्यायचीच नाही असे ठरवले की त्या टेबलाशी एकच मोठे माणूस पुरते.

प्रत्यक्ष कार्यक्रम

मुले एकदम येत नाहीत, पाऊण तासापर्यंत येत राहतात. त्यामुळे पहिली वीस-पंचवीस मिनिटे सतरंजीवर बसून आपापला भोपळा रंगवण्यासाठी ठेवावीत. लवकर आलेले मूल दोन्ही बाजू रंगवते, उशिरा आलेले एकच रंगवते, आणि कोणाचे काही चुकत नाही. रंगवून झालेले भोपळे लेकीच्या घरात, म्हणजे आतल्या खोलीत नेऊन ठेवावेत. मुलांना सांगावे की ते परतीच्या वेळी मिळतील.

नंतर गोष्ट एकदा, दहा मिनिटांत, पूर्ण सांगावी. गोष्ट माहीत असलेल्या मुलांना पुढचे आधीच सांगून टाकायची घाई असते, तर त्यांना पालुपदाचे काम द्यावे. गोष्ट सांगता सांगताच कोल्हा, लांडगा आणि वाघ यांनी मुलांच्या समोर उभे राहून आपापले मुखवटे चढवावेत. हा तपशील किरकोळ वाटला तरी सगळ्यात महत्त्वाचा आहे. मुखवटा घातलेला मामा एकदम पडद्याआडून गुरगुरत आला तर चार वर्षांची निम्मी मुले भोकाड पसरतात आणि मग उरलेला वेळ ती आईच्या मांडीवरून उतरत नाहीत; तोच मामा डोळ्यांदेखत वाघ झाला तर तीच मुले त्याच्या शेपटीला लोंबकळतात. मुखवटे अर्धे असावेत, म्हणजे तोंड आणि हनुवटी दिसते. तरीही एखादे मूल बिचकले तर त्याला सूत्रधाराचा हात धरून ‘म्हातारीची काठी’ म्हणून चालू द्यावे.

आता प्रवास. प्रत्येक मुलाच्या डोक्यावरून एक पंचा किंवा ओढणीचा तुकडा गुंडाळावा आणि सगळ्यांनी कमरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून, आगगाडीसारखे मागोमाग निघावे. काठ्या देऊ नयेत. बारा मुलांच्या हातांत बारा काठ्या म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

कोल्हा पहिल्या वळणावर भेटतो आणि त्याच्याकडे फक्त संवाद असतो. तो कुठे निघाली म्हणून विचारतो, मुले ओरडून उत्तर देतात, तो ऐकू आले नाही म्हणून कानाला हात लावतो, मुले आणखी जोराने ओरडतात. तिसऱ्यांदा तो वाट सोडतो. लांडग्याच्या पुढे नदी असते: जमिनीवर खडूने काढलेली किंवा चिकटपट्टीने आखलेली वर्तुळे म्हणजे दगड, आणि त्यांवरच पाय ठेवून पलीकडे जायचे. पाय पाण्यात पडला तर लांडगा फक्त ‘ओला झाला, ओला झाला’ म्हणून नाचतो आणि मूल पुढे जाते. वाघ शेवटी. तो झोपलेला असताना चालायचे आणि त्याने डोळे उघडले की स्टॅच्यू व्हायचे, हा खेळ मुलांना ठाऊक असतोच. हललेल्या मुलाला वाघाने हुंगावे आणि ‘अजून हाडंच लागतात, जाडजूड होऊन ये’ असे म्हणून सोडून द्यावे.

कोणत्याही टप्प्यावर कोणाला बाद करू नये, हे सूत्रधाराने प्राण्यांना आधी बजावून ठेवावे. मोठ्या माणसांना, विशेषतः स्पर्धेची सवय असलेल्या काकांना, पहिला-दुसरा-तिसरा काढण्याची फार ओढ असते. या वयात बाद झालेले मूल कडेला बसून खेळ पाहत नाही, ते खेळ बंद पाडते. आणि या गोष्टीत म्हातारी हरत नाहीच, तेव्हा कोणाला हरवण्याचे कारणही उरत नाही.

लेकीच्या घरी पोचल्यावर मुलांना पाटांवर किंवा चटईवर बसवून तूप-रोटी द्यावी. अर्धी मऊ पोळी, तिच्यावर तूप आणि किसलेला गूळ, आणि घट्ट सुरळी: प्रत्येकी एक, फार तर दोन. इथे पोटभर जेवण ठेवू नये, कारण यानंतर उड्या आहेत. खाताना ‘जाडजूड झालात का?’ असे विचारत राहिले की गाल फुगवून दाखवण्यातच मुलांची दहा मिनिटे जातात, आणि घरी पोळीला नाक मुरडणारे मूल इथे दुसरी सुरळी मागते असा अनुभव आहे.

परतीचा प्रवास वेगाचा. सगळे गळ्यात कागदी भोपळे अडकवतात, उत्सवमूर्ती कापडी भोपळ्यात शिरते, आणि टुणुक टुणुक म्हणत दोन्ही पाय जोडून उड्या मारत सगळे त्याच वाटेने परततात. ठेक्यासाठी कोणीतरी डफ किंवा पितळी थाळी वाजवावी; ध्वनिक्षेपकावरचे गाणे लावले तर मुलांचा स्वतःचा आवाज बुडतो आणि पालुपदाची मजा जाते. प्राणी वाटेत ‘म्हातारी पाहिली का?’ म्हणून विचारतात, भोपळे नाही म्हणतात. घर आले की मोठा भोपळा पाळीपाळीने ज्याला हवा त्याला घालू द्यावा आणि फोटो त्या वेळी काढावेत. शेवटी तिन्ही प्राण्यांनी मुखवटे उतरवून मुलांच्या पंगतीत बसावे. वाघाला वाढदिवसाचे बोलावणे होते आणि तो उगाच रागावला होता, एवढे स्पष्टीकरण मुलांना पुरते. रात्री कोणी दचकून उठणार नाही.

मग औक्षण. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी एवढे तबक आधी तयार असावे, म्हणजे ऐन वेळी सुपारी शोधायला घरभर धावाधाव होत नाही. आई आणि आजीने ओवाळावे. पाच जणींनी ओवाळायची पद्धत असेल तर तीही पाळावी, पण उत्सवमूर्तीचा धीर पाहून. भोपळ्याचा वेश त्याआधी उतरवलेला असावा: पसरलेले सुती कापड आणि उघडी ज्योत जवळ येऊ देऊ नये. केक त्यानंतर.

खाऊ

केक एक किलोचा घेतला तर त्याचे मुलांच्या मापाचे दहा-बारा तुकडे होतात. मोठी माणसे धरून दीड ते दोन किलो पुरे. साखरेच्या जाड आवरणाखाली घडवलेला भोपळा दिसतो देखणा, पण मुले ते आवरण सोलून ताटलीत ठेवतात, म्हणून साधा क्रीमचा केक आणि त्याच्यावर एक छोटा भोपळा एवढेच सांगावे.

ताटात मात्र भोपळ्याचे घारगे असलेच पाहिजेत. लाल भोपळ्याचा दोन वाट्या कीस आणि एक वाटी चिरलेला गूळ एकत्र करून, पाणी न घालता, कीस मऊ होईपर्यंत शिजवावा. कोमट झाल्यावर त्यात चिमूटभर मीठ, वेलचीपूड, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर गरम तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट गोळा मळावा. भोपळ्याच्या ओलसरपणानुसार कणीक कमी-जास्त लागते. गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबावे. तेलाचे बोट लावून छोट्या वाटीच्या आकाराचे, पुरीपेक्षा जाड घारगे थापावेत आणि मध्यम आचेवर तळावेत, कारण गुळामुळे मोठ्या आचेवर ते बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. आदल्या दिवशी केले तरी मऊ राहतात, ही त्यांची मोठी सोय. सोबत तिखटासाठी इडल्या किंवा छोटे बटाटेवडे, दही-भात आणि फळे. द्राक्षे अख्खी न देता उभी चिरून द्यावीत. शेंगदाणे, लाह्या, कडक गोळ्या या वयाच्या पळणाऱ्या-हसणाऱ्या मुलांना देऊ नयेत, घशात अडकतात. पेयासाठी कोकम किंवा पन्हे, आणि साध्या पाण्याचे पेले मुलांच्या उंचीवर.

निरोप देताना

परतीची भेट म्हणून प्लास्टिकचे खेळणे देण्यापेक्षा मुलाने स्वतः रंगवलेला भोपळा आणि त्यासोबत भोपळ्याच्या बियांची एक पुडी द्यावी. घारग्यांसाठी आणलेल्या भोपळ्याच्या बिया आधी काढून, धुऊन, चार-पाच दिवस सावलीत वाळवलेल्या असाव्यात. ओल्या बिया पुडीत बुरसतात. पुडीवर पालकांसाठी लिहावे की बी बोटाच्या एका पेराइतके खोल लावावे, साधारण आठवड्याभरात अंकुर येतो, आणि वेल कुंडीत वाढतो पण भोपळा धरण्यासाठी त्याला जमीन आणि भरपूर पसरायला जागा लागते. गॅलरीत फार तर पाने आणि फुले मिळतील. फुलांची भजी चांगली होतात, हेही लिहायला हरकत नाही.

सात वाजता संपेल असे लिहिले तरी काही पालक साडेसातला येतात, आणि हा अर्धा तास सांभाळणे सगळ्यात अवघड असते, कारण यजमान थकलेले असतात आणि मुले साखरेवर असतात. त्यासाठी नदीची वर्तुळे पुसू नयेत आणि साड्याही उतरवू नयेत. उरलेल्या मुलांपैकी ज्याला वाघ व्हायचे असेल त्याला आता मुखवटा द्यावा आणि मोठ्या माणसांना म्हातारी करून रानातून पाठवावे; सूत्रधाराने खुर्चीवर बसून घ्यावे. दाराशी असलेल्या माणसाने मात्र शेवटचे मूल घरी जाईपर्यंत दार सोडू नये.